ताप आला होता असं सांगायचं

माझ्या आईवडिलांमधली रेघ समुपदेशक बाईंनी दोनदा ओढली. त्यांच्या कागदावर पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ आणि लग्न म्हणजे दोघांना जोडणारी आडवी रेघ. लग्न रक्ताच्या नात्यात झालेलं असेल तर रेघा दोन. त्यांनी "नातं?" एवढंच विचारलं. वडील आईचे सख्खे मामा, असं मी सांगितलं. बाईंनी मान वर केली नाही. बंगळूरमध्ये हे काम करणाऱ्याला त्यात नवल नसतं. नवल माझ्या जावयाला वाटलं. तो पुण्याचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण ही गोष्ट त्याला त्या खोलीत कळली.

मग बाईंनी आईवडिलांच्या खाली दोन मुलं काढली. एक चौकोन, तो मी. त्याच्या डावीकडे एक वर्तुळ, ती माझी मोठी बहीण. ते वर्तुळ त्यांनी पेनाने पूर्ण काळं केलं. दोष ज्याच्यात दिसतो त्याची आकृती काळी करायची पद्धत असते. अक्का जन्मापासून बहिरी आहे. पुढचं सगळं तिच्याविषयी आहे. तिला कधीच न विचारता तिच्याविषयी काय काय ठरवलं गेलं, त्याविषयी.

आम्ही त्या खोलीत होतो याचं कारण माझी मुलगी. तिला तिसरा महिना होता. सर्जापूर रोडवरच्या रुग्णालयाच्या पहिल्या अर्जात घराण्यातल्या जन्मजात दोषांचा रकाना होता. त्यात तिने 'आत्या, बहिरी' असं लिहिलं आणि डॉक्टरांनी तिला या खोलीत पाठवलं.

संध्याकाळी जावयाच्या आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला.

"सख्ख्या मामाशी? अगं बाई! आमच्यात फार तर मामाची मुलगी करतात. पण मामाच?"

"तुमचे सासू-सासरे आते-मामे भावंडंच ना, आई?" मुलीने विचारलं.

"ते वेगळं. ते नात्यात होतं. हे म्हणजे घरातल्या घरात."

फरक त्या म्हणतात तितका मोठा नाही, पण शून्यही नाही. मामा आणि भाची यांच्यात रक्ताचा जेवढा वाटा सारखा असतो, त्याच्या निम्मा आते-मामे भावंडांत असतो. आमची घरं इथे तीन-चारशे वर्षांपूर्वी आली. घरात मराठी राहिली, बाकी बरंच शेजाऱ्यांकडून घेतलं. अण्णा, अक्का हे शब्द घेतले, सणांचे पदार्थ घेतले आणि भाचीशी लग्न करायची रीतही घेतली. रीत बसवताना अडचण आली नाही, कारण गोत्र आड येत नव्हतं. भाची तिच्या वडिलांच्या गोत्राची, मामा स्वतःच्या वडिलांच्या. गोत्र वेगळं, म्हणजे रक्त वेगळं. गोत्र फक्त बापाच्या वाटेने येतं आणि रक्त दोन्ही वाटांनी येतं, हे पत्रिका बघणाऱ्यांपैकी कुणी कधी बोललं नाही.

बाईंनी जे सांगितलं ते शाळेच्या पुस्तकातलंच होतं. शरीराच्या प्रत्येक सूचनेच्या माणसाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. अक्काच्या प्रकारच्या बहिरेपणात एक प्रत सदोष असली तरी काही बिघडत नाही, दुसरी काम करते. असा माणूस आयुष्यभर नीट ऐकतो आणि आपल्याजवळ काय आहे ते त्याला कळतही नाही. दोन्ही सदोष असल्या तरच कान जन्मतः बंद. माझ्या आजोबांकडे किंवा आजीकडे अशी एक प्रत असणार. ती त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या वडिलांना मिळाली. तीच वडिलांच्या बहिणीला, म्हणजे आईच्या आईलाही मिळाली आणि तिच्याकडून माझ्या आईला. एकाच उगमाची दोन टोकं एका घरात येऊन बसली. त्यानंतर दर मुलामागे चारात एक शक्यता. अक्काला दोन्ही आल्या. मला ऐकू येतं, म्हणजे दोन्ही आलेल्या नाहीत. एक तरी आली असण्याची शक्यता तीनात दोन.

दोष नेमका कुठे आहे हे आधी अक्काच्या रक्तात बघायचं, मग मुलीच्या आणि जावयाच्या. म्हणून अक्काला बोलवायचं ठरलं.

परतताना बेळ्ळंदूरच्या सिग्नलला गाडी बराच वेळ उभी होती. जावई म्हणाला, "आत्ता अकरावा आठवडा चालू आहे. म्हणजे डिसाइड करायला टाइम आहे."

"हं," मुलगी म्हणाली.

काय ठरवायला, ते कुणी बोललं नाही. मी मागच्या सीटवर होतो. मीही विचारलं नाही.

अक्का चामराजपेटेत आईवडिलांच्या दोन खोल्यांत एकटी राहते. एकसष्ट वर्षांची आहे. तीस वर्षं तिने तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या. तिला लिहितावाचता येतं ते कन्नडमध्ये, कारण मुक्याबहिऱ्यांची शाळा कन्नड होती. ओठ वाचते तेही कन्नड. घरात आम्ही मराठी बोलत होतो. घरातली भाषा ओठांवरून वाचायला तिला कुणी शिकवलं नाही. त्यामुळे घरात तिच्याशी खुणांनी बोलायचं आणि महत्त्वाचं असेल ते वहीत कन्नडमध्ये लिहायचं. महत्त्वाचं फारसं लिहिलं गेलं नाही.

प्रत्येकासाठी तिची एक खूण आहे. माझी खूण पेपर उघडल्याची. जावयाची, पाठीवर लॅपटॉपची बॅग चढवून वाकत चालल्याची. रक्त द्यायला आली तेव्हा समुपदेशक बाईंना पाहिल्यावर पाच मिनिटांत तिने त्यांच्यासाठी नाकाच्या शेंड्यावरच्या चष्म्याची खूण तयार केली आणि मुलीला हसवलं. त्या दिवशी तिने लग्नाकार्याची साडी नेसली होती. 'बाळासाठी तपासणी', एवढंच मी वहीत लिहिलं होतं. भाचीच्या बाळाला आपला काही उपयोग आहे, याचा तिला आनंद झाला होता. आनंदानेच तिने दंड पुढे केला.

संमतीचा अर्ज इंग्रजीत होता. बाईंनी मला विचारलं, "यांना सगळं समजावून सांगितलंत ना? तपासणी कशाची, निकालाचा वापर कशासाठी?"

"हो," मी म्हणालो.

मी बोट ठेवलं तिथे अक्काने कन्नडमध्ये सही केली.

निकाल यायला तीन आठवडे लागणार होते. त्या तीन आठवड्यांत मला एक जुना कागद सारखा आठवत राहिला.

पस्तीस वर्षांपूर्वी अक्काला एक स्थळ आलं होतं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मुलगा एका सरकारी कारखान्यात फिटर होता. आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातला आणि बहिरा. रविवारी बहिऱ्या लोकांची मंडळी एका सभागृहात जमत, तिथे दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, म्हणजे स्थळ त्यांनीच ठरवलं होतं. रीत म्हणून त्याची मोठी बहीण त्याला घेऊन आमच्याकडे आली.

आमच्या घरात तोवर एक ठरलेलं वाक्य होतं. अक्का बहिरी कशी, असं कुणी विचारलं की 'लहानपणी ताप आला होता' असं सांगायचं. आजीने ते घालून दिलं होतं. जन्मजात म्हटलं तर घराण्याला बट्टा लागतो, ताप कुणालाही येतो. अक्काच्या प्रत्येक स्थळाला ते सांगितलं गेलं. पुढे माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनाही तेच सांगण्यात आलं. इतक्या वेळा सांगून झालं होतं की त्या तापाला महिना आणि डॉक्टरही मिळाले होते.

फिटरची बहीण म्हणाली, "तीन वर्षांचा होता. ताप मेंदूत गेला. त्याआधी घरभर बडबडायचा हो. शेजारची अज्जी म्हणायची, याचं तोंड बांधा स्वल्प."

"हो, हो," वडील म्हणाले. "आमच्याकडेही तापच."

कॉफी आली. फिटरने एक घोट घेतला, पेला ठेवला आणि आईकडे बघून म्हणाला, "सक्करे बेडा." साखर नको. आवाज सपाट होता, पण शब्द स्वच्छ होते. आई चटकन उठून बिनसाखरेची कॉफी घेऊन आली.

ते दोघं गेल्यावर वडील मोठ्याने हसले. "ताप म्हणे! आपलंच औषध आपल्याला पाजायला आले होते."

"पण तो बोलला की," आई म्हणाली. "जन्मतः बहिरा असता तर असा बोलला असता? आपली बोलते का?"

"शाळेत शिकवतात गं हल्ली," मी म्हणालो.

"कुठल्या शाळेत? मग हिला का नाही शिकवलं?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकलेला आहेस. पेपरात विज्ञानाचं पान लावतोस. दोघं बहिरे, तर मुलं काय होतील, ते सांग."

मी इंग्रजी दैनिकात लागून वर्ष झालं होतं. शनिवारचं विज्ञानाचं पान माझ्याकडे होतं आणि पान आखायचे डमीचे कागद नेहमी पिशवीत असत. त्यातल्या एकावर मी मोठा चौकोन काढून त्याचे चार भाग केले. वर आईच्या दोन प्रती, डावीकडे बापाच्या दोन, प्रत्येक घरात त्यांची जोडी. चारही घरांत एकच उत्तर आलं. सगळी मुलं बहिरी.

"शंभर टक्के?" वडिलांनी विचारलं.

"शंभर टक्के."

गणित बरोबर होतं. गणितात घातलेली माहिती मी पडताळली नव्हती. फिटरचा बहिरेपणा अक्कासारखाच जन्माचा आहे हे मी गृहीत धरलं, कारण समोरची बाई जे सांगत होती ते आमच्या घरात खोटं होतं. ती खरं सांगत असेल ही शक्यता आमच्यापैकी फक्त आईच्या ध्यानात आली. रुग्णालयाचा एखादा कागद आहे का, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. वार्ताहराला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

तिकडे निरोप गेला की पत्रिका जुळत नाही. वहीत अक्कालाही तेच लिहून दिलं गेलं. लिहून मीच दिलं, घरात कन्नड अक्षर माझं बरं म्हणून. तिने वाचलं, वही मिटली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बसने कारखान्यात गेली. त्यानंतरची दोन स्थळं हिंडती-फिरती मुलगी हवी म्हणून आली आणि बहिरी आहे म्हणून गेली. मग स्थळं आली नाहीत.

निकालाच्या दिवशी अक्काही आली. अक्काच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. माझ्या मुलीकडे एक होती, म्हणजे माझ्याकडेही एक होती, कारण तिच्या आईच्या बाजूने ती आली नव्हती, हेही तपासलं होतं. जावयाच्या दोन्ही प्रती निर्दोष. बाळाला ऐकू येणार. फार तर एक सदोष प्रत त्याच्याकडे गुपचूप जाईल.

जावयाने जागेवरूनच पुण्याला फोन लावला. मुलगी रडली. अक्काने माझ्या बाहीला धरून विचारलं, काय झालं. मी कानाला हात लावून अंगठा वर केला. तिनेही हसून अंगठा वर केला. मग समुपदेशक बाईंसमोर वही सरकवून तिने काहीतरी लिहिलं. बाईंना कन्नड येत होतं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नव्या कागदावर अक्काचं वर्तुळ काढलं. शेजारी एक कोरा चौकोन. खाली चार मुलं. चारही त्यांनी अर्धी काळी केली आणि कन्नडमध्ये लिहिलं: एक प्रत सदोष, ऐकू येईल.

अक्काने चौकोनावर बोट ठेवून पुन्हा लिहिलं. हा ताप येऊन बहिरा झालेला असेल तर?

'तरीही ऐकू येईल,' बाईंनी लिहिलं. 'तापाने गेलेलं मुलांना जात नाही.'

अक्काने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. शाळेतल्या मुलाने पाढा म्हणावा आणि बाईंनी बरोबर म्हणावं, तेवढाच फरक पडला.

पुढच्या रविवारी मी चामराजपेटेला गेलो. काय लिहायचं ते आदल्या दिवशी कच्चं उतरवून काढलं होतं. पत्रिका पाहिलीच नव्हती. नकार माझ्या कागदामुळे गेला. कागद चुकीचा होता. तीन वाक्यं.

तिने वाचलं आणि वहीत उत्तर लिहिलं. तिचं लिहिणं भराभर असतं.

'माहीत आहे. आईने सांगितलं होतं. तू काढलेला कागदही दाखवला होता.'

'कधी?'

'अप्पांच्या तेराव्यानंतर.'

म्हणजे वडील गेले तेव्हा. त्याला वीस वर्षं झाली होती.

'त्याची दोन मुलं आहेत,' तिने पुढे लिहिलं. 'बायको माझ्यासारखी जन्माची बहिरी. दोन्ही मुलं ऐकतात. मोठी तर फार बोलते. मंडळीत सगळे तिला रेडिओ म्हणतात.'

'मला का नाही सांगितलंस?'

तिने पेपर उघडल्याची माझी खूण केली आणि दोन्ही हात झटकले. पेपरवाल्याला काय सांगायचं, त्याला सगळं ठाऊक असतं. मी हसायचा प्रयत्न केला. ती हसत नव्हती. तिने वही पुन्हा ओढली.

'तू चूक झाली म्हणून आलास. ताप खरा होता, म्हणून चूक. ताप खोटा असता तर? मुलं बहिरी झाली असती तर तुझा कागद बरोबर होता का?'

मी पेन हातात घेतलं. माझ्या कच्च्या मजकुरात याचं उत्तर नव्हतं. पस्तीस वर्षांत मी कागदातली चूक अनेकदा तपासली होती. चूक नसती तर काय, हे एकदाही तपासलं नव्हतं. ती समोर बसली होती. स्वतः कमावलेलं खात होती, घराचं भाडं कुणाकडून मागत नव्हती. तिच्यासारखी चार माणसं जगात येऊ नयेत, हे मी तिच्याशेजारच्या खोलीत बसून शंभर टक्के सिद्ध केलं होतं.

'नाही,' मी लिहिलं.

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. पुढचा प्रश्न तिने आधीच लिहायला घेतला होता.

'माझं रक्त कशासाठी घेतलं?'

'बाळासाठी.'

'बाळ बहिरं निघालं असतं तर काय करणार होतात?'

'काही ठरलं नव्हतं,' असं लिहिता आलं असतं. अक्षरशः ते खरंही होतं. गाडीत 'वेळ आहे' एवढंच बोलणं झालं होतं. मी लिहिलं, 'बहुधा ठेवलं नसतं.'

तिने ते वाचलं. डोळे ओळीवर दोनदा फिरले. मग ती उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, पदराने पुसत परत आली. तिला रडताना मी पाहिलं नाही, म्हणून रडली असं लिहिणार नाही. बसल्यावर तिने लिहिलं, 'अर्ज लिही. इंग्रजीत. माझं रक्त परत पाहिजे.'

रक्त परत मिळत नाही, ते तपासणीत संपतं, उरलं तर नियमाप्रमाणे नष्ट करतात, निकाल मुलीच्या फायलीत लागलेला आहे, हे मी ओळीने लिहून दाखवलं. ती वाचत होती आणि प्रत्येक ओळीला मान हलवत होती. माझं झाल्यावर तिने पुन्हा त्याच वाक्यावर बोट ठेवलं. अर्ज लिही.

मी वहीतलं पान फाडून अर्ज लिहिला. नाव, वय, पत्ता, नमुना दिल्याची तारीख, विनंती. पाच ओळी. त्यांचा अर्थ तिला वहीत कन्नडमध्ये लिहून दाखवला. तिने विचारलं, कारण कुठे आहे? कारण द्यावं लागत नाही, मी लिहिलं. तिने पान माझ्याकडे परत सरकवलं आणि कारण वहीत लिहून दिलं. मी ते इंग्रजीत उतरवलं, जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता: हे रक्त माझ्यासारखं मूल होऊ नये म्हणून घेतलं आहे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने खाली कन्नडमध्ये सही केली. तारीख घातली.

सोमवारी मी तो अर्ज रुग्णालयात दिला. खिडकीवरच्या मुलीने तो वाचला, आत जाऊन कुणाला तरी दाखवला आणि परत येऊन विचारलं, "सर, ह्यांना नक्की काय हवंय?" मी म्हणालो, अर्जात लिहिलंय ते. तिने शिक्का मारून पोच दिली. ती घेऊन मी चामराजपेटेची बस पकडली.